चार सूत

कंपनी गाडी बनवते तीच नाक खाली घालून.
मागचा हौदा दोन इंच उंच ठेवायचा,
मालक ओझं टाकेल, मग ती आपोआप सरळ होईल,
असं कुणीतरी कारखान्यात धरून चाललेलं.

एकवीस वर्षं ते बरोबरच निघालं.
मिठाच्या विटा, कुंपणाचे खांब, पाण्याची टाकी,
मार्चच्या बर्फात गोणपाटात गुंडाळलेली कोकरं
आणि त्यांच्यामागे ओरडत पळणाऱ्या आया.

ऑक्टोबरात मेंढ्या विकल्या. सातशे चाळीस.
बापाला आता टायटॅनियमचा खुबा आहे,
हौद्यात एक फावडं आहे,
ब्रेक मारला की ते घसरत येऊन
केबिनच्या पाठीवर थाप मारतं.
ओझं नाही, तरी गाडीची मान खालीच.

मी नवे शॉक मागवले.
अंगावर खाचा कोरलेले, सोबत पोलादी कडी:
कडी जितक्या वरच्या खाचेत, तितकं नाक वर.
खोक्यावरची किंमत मी आधीच नखाने खरवडली होती.
बापाने उरलेल्या डिंकावर बोट फिरवलं.
"घोडीला उंच टाचा घालतेस, गाराझी?"

शेडमध्ये शनिवार. रूबी डोंगरावरून उतरलेलं गार वारं
पत्र्याच्या फटीतून थेट मानेवर.
तो उलट्या बादलीवर बसून पाने हातात देत होता,
मी मागायच्या आधी, बरोबर तोच.
जुने शॉक निघाले तेव्हा तेलाने ओथंबलेले,
दाबले तर दाबलेलेच राहिले.

स्प्रिंग आवळताना मात्र तो गप्प झाला.
आवळलेल्या स्प्रिंगच्या समोर उभं राहायचं नसतं.
हेच त्याने मला नवव्या वर्षी सांगितलं होतं,
एडक्याबद्दल.

त्याआधी टेप लावली होती,
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत.
उजवीकडे सव्वावीस इंच.
डावीकडे पावणेवीस.
"फरशी वाकडी असेल," तो म्हणाला.
गाडी फिरवून उभी केली. तेच. चार सूत कमी.
"टाकी डावीकडे आहे. बॅटरीपण."
मी काही बोलले नाही.
एकवीस वर्षं, अडीचशे पौंड, स्टिअरिंगमागे एकटा.
उजव्या सीटवर फक्त कुत्री,
तीही एका वेळी एकच.

उजवी कडी मी दुसऱ्या खाचेत बसवली. टक्.
"डावी?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.
त्याने तो शॉक उजेडात धरला,
खाचा मोजल्या, परत मोजल्या,
थरथरत्या अंगठ्याने कडी स्वतःच सरकवली.
"तिसऱ्या," तो म्हणाला. "डावीकडे मी होतो."

जॅक उतरवला. गाडी थोडी पुढे-मागे करून
स्प्रिंगांना बसू दिलं.
टेप: दोन्हीकडे बावीस, सुताचाही फरक नाही.
दाराखालच्या पट्टीवर पाणसळ ठेवली,
बुडबुडा जरा रेंगाळला, मग मधोमध थांबला.
काठी टेकत त्याने एक पूर्ण फेरी मारली.
"आता ओझं टाकलंस तर ढुंगण टेकेल हिचं."
"कसलं ओझं?"
हे मी बोलायला नको होतं.

अंधार पडल्यावर दिवे शेडच्या भिंतीवर पाडून पाहिले.
खडूच्या रेघेच्या वीतभर वर.
स्क्रू पिळून खाली आणले, सगळे आले नाहीत.
सोमवारी चाकांच्या अलाइनमेंटला एल्कोला जायचंच आहे,
तिथे बघू.

"चल, फाट्यापर्यंत," मी म्हटलं.
तो सवयीने डाव्या दाराशी गेला,
हँडलवर हात ठेवला,
मग बोनेटला हाताने धरत धरत पुढून वळला
आणि उजवीकडून चढला.
गाडी त्याच्या बाजूला किंचित झुकली.
दोघांनाही कळलं. पाणसळ शेडमध्येच राहिली होती.

"दिवे अजून वर लागतायत."
"लागतायत."
सेजच्या झुडपांवरून उजेड लांब गेला,
विकलेल्या कुरणाच्या कुंपणापर्यंत, त्याच्याही पलीकडे.
मी ॲक्सिलरेटर दाबला,
आणि फावडं, पहिल्यांदाच,
मागच्या फळीकडे घसरलं.